टाळी वाजेपर्यंत

रविवार, ३

मंगळवारी निघायचं आणि हॉलमध्ये पाऊल टाकायला जागा नाही. पाठपिशव्या, हॅमॉक, वर बांधायची कापडं, दोरांची भेंडोळी, आणि या पसाऱ्याच्या मधोमध नवरा मांडी घालून नकाशा बघत बसलाय. शाळेत भूगोल शिकवतो. नकाशा असा समजावून सांगतो की ऐकत राहावं, आणि नवीन बाजारात गेलो की बाहेरचा रस्ता मला विचारतो. हॅमॉकला झोळी म्हणतो. "बाळाला झोळीत घालतात तोवर ठीक होतं," म्हणाला, "आता बापालाही घालायला लागले."

सामान सगळं कंपनीने फुकट दिलंय. जगात फुकट काही नसतं, त्यामुळे बदल्यात सहलीचे व्हिडिओ त्यांना द्यायचे. आवडले तर वर्षभराचं काम. मग मला स्टुडिओत बसून परक्यांच्या लग्नांतले रडणारे बाप कापत-जोडत बसायला नको. इतके बाप बघितलेत की आता कोणी रडायला लागलं की आधी माझं लक्ष उजेडाकडे जातं.

आमची लेक भिंगरी फुरंगटून बसलीये. गेल्या सहलीत ती हॅमॉकमधून उलटी पडली, गुडघा सोलला, आणि तो व्हिडिओ आम्ही टाकला. आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. शाळेत तिला "धप्प" म्हणतात. मला वाटलं, विसरली असेल. आज जेवताना म्हणाली, "मी येईन. पण मी 'बंद' म्हटलं की कॅमेरा बंद. लगेच. शब्द दे."

दिला.

"बाबासमोर दे."

बाबासमोर दिला. अकरा वर्षांचं कारटं, पण साक्षीदाराशिवाय व्यवहार नाही! "आणि मोडलास तर परत तुझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. नवरा हसला. मीही हसले, पण थोडं लागलं मला ते.

सोमवार, ४

कंपनीच्या माणसाचा फोन. "ताई, व्हिडिओ गोड आहेत हो तुमचे. पण फारच गोड. माणूस बघता बघता झोपतो. जरा धाकधूक पाहिजे. काहीतरी बिघडलं पाहिजे."

"काय बिघडवू?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही कलाकार."

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "त्याला म्हणावं, मास्तराच्या संसारात बिघडायला मुळात काही चांगलं असावं लागतं." त्याला सगळ्याची थट्टा सुचते. वर्षभराचं काम हातचं गेलं तर स्टुडिओत मला परत जायचंय, त्याला नाही.

बुधवार, ६

चाल बरी झाली. पहिला मुक्काम ओढ्याकाठी, झाडं दणकट, हॅमॉक छान लागले. रस्त्यात नवऱ्याने खडकांवर व्याख्यान दिलं, ते मी कापणार.

भिंगरीचं आश्चर्य वाटतं. रुसवा बिसवा काही नाही. कॅमेरा वर उचलला की न सांगता तोंड उजेडाकडे करते. घोट घोट पाणी प्यायचा शॉट तीनदा घेतला, तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने प्यायली. शॉट संपला की मी टाळी वाजवते. स्टुडिओतली सवय आहे, जोडकाम करताना आवाजाच्या पट्टीवर टाळीचा उंच काटा दिसतो आणि कुठे कापायचं ते कळतं. तर टाळी वाजली की पोरीचं हसू दिवा मालवावा तसं जातं आणि ती निमूट चालायला लागते. शिस्त म्हणतात ती ही. मोठमोठ्यांना जमत नाही.

गुरुवार, ७

आज उभा चढ. अर्ध्यात भिंगरी खाली बसली. पिशवी टोचतेय म्हणाली, पाय दुखतात म्हणाली, मग डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाली, "बंद."

मी हातातला कॅमेरा लगेच बंद केला. शब्द म्हणजे शब्द.

छातीवरच्या पट्ट्यात दुसरा लावलेला असतो, चालतानाची दृश्यं टिपायला. तो चालू राहिला. माझ्या खरंच लक्षात आलं नाही. संध्याकाळी बघितलं तर चित्र फार सुंदर आलंय. तिचा चेहरा, मागे दरी, आणि पाणावलेले डोळे. वापरणार नाही अर्थात. पण पुसायला जीव होईना, म्हणून नुसतं ठेवून दिलंय.

झोपण्याआधी एक कल्पना सुचली. धाकधूक हवी ना? मुलगी हॅमॉकसकट दिसेनाशी होते. आई-बाप शोधतात, हाका मारतात, शेवटी सापडते. खोटं कुठे आहे त्यात? उद्या कधीतरी हे खरंच होऊ शकतं, लोकांना सावध करायला नको का? नवऱ्याला म्हटलं तर त्याने झोळीत दोनदा कूस बदलली. मग म्हणाला, "मला नाटकात कधी झाडाचं कामसुद्धा दिलं नव्हतं." म्हणजे तयार आहे.

शुक्रवार, ८ (सकाळ)

भिंगरीला विचारलं. "ठीके," म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं तास घालवावा लागेल. बघा, उगाच मी मनाला लावून घेत होते.

जेवण लवकर उरकून दुपारी शॉट घेऊ. वाऱ्याला गारवा आहे.

रविवार, १०

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. नवऱ्याच्या पायात धातूची पट्टी घालून झाली, आत झोपलाय. भिंगरी माझ्या शेजारी बाकावर आडवी आहे. माझे तळवे सुजलेत, पेन धरवत नाही, पण हे आत्ता लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

पहिला शॉट वाया गेला. भिंगरी दगडामागून हसली. दुसऱ्यात तिच्या हॅमॉकचं केशरी टोक झाडाआडून दिसत होतं. मी चिडले. "वर जा," म्हटलं, "त्या उंचवट्याच्या पार. तिथे बांध आणि आत पडून राहा. मी कितीही ओरडले, बाबा कितीही ओरडला, टाळी ऐकू येईपर्यंत बाहेर यायचं नाही. आणि चौथ्यांदा करायला लावू नकोस."

ती हॅमॉक खांद्यावर टाकून गेली. खालून धुकं चढत होतं. ते मला दिसलं होतं. मला वाटलं, बरं झालं, चित्र चांगलं येईल.

नवरा हाका मारायला लागला. हजेरी घेतल्यासारखा. "अरे, पोरगी हरवलीये तुझी! जीव ओत जरा! धाव!" मी ओरडले. मग तो धावला. ओला पालापाचोळा, उतार, झाडाच्या मुळात पाय अडकला, आणि तो खाली घसरत गेला. किंचाळला. आणि माझ्या मनात आलं, अखेर जमलं याला. हे मी कोणाला सांगणार नाही. इथे लिहून ठेवते.

खाली उतरून बघितलं तर पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. वर बघितलं तर उंचवटा दिसेना. झाडंही दिसेनात. नुसतं पांढरं.

मी ओरडायला लागले. "भिंगरे, बाबा पडलाय! खरंच पडलाय! हे खोटं नाहीये! आता बाहेर ये, राणी, शॉट थांबवलाय!" उत्तर नाही. आणि ओरडता ओरडता एकदम लक्षात आलं. हीच वाक्यं मी नवऱ्याला लिहून दिली होती. "हे खोटं नाहीये, आता बाहेर ये" असं त्याचं दोन शॉटमध्ये म्हणून झालं होतं. खरं सांगायला जे शब्द लागतात, ते सगळे मी आधीच वापरून टाकले होते.

तरी मी ओरडतच राहिले. रडले, तिच्या नावाने, देवाच्या नावाने. काय काय बोलले आठवत नाही. शेवटी नवरा दात आवळून म्हणाला, "अगं, टाळी वाजव."

इतकं साधं! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाजवली. वाजवत राहिले. धुक्यात टाळी जात नाही, हाताशी वाजते आणि तिथेच मरते. वर जायला हवं होतं, आणि याला सोडून कशी जाणार? "जा," म्हणाला. "माझा पाय कुठे पळून जात नाही. ती जाईल." पलीकडच्या बाजूला कडा होता. सकाळी त्यानेच नकाशावर दाखवला होता, आणि मी म्हटलं होतं, तिथून सूर्यास्त घेऊ.

आमच्या दोन्ही हॅमॉकचे दोर सोडले, एकाला एक बांधले, टोक त्याच्याजवळच्या झाडाला अडकवलं आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून चढायला लागले. म्हणजे परतताना चुकायला नको. दोन पावलं चढायचं, टाळी वाजवायची, थांबायचं, ऐकायचं. काही नाही. परत. एकदा पायाखालून दगड निसटला आणि बराच वेळ खाली जात राहिला. तिकडून मी गुडघ्यांवर मागे सरकले. मग दोर ताणला गेला. संपला होता.

तिथे मी किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. एका टोकाला नवरा आणि पुढे पोरगी, आणि मनगटावर गाठ. मग गाठ सोडली.

टाळ्या वाजवत गेले. हात बधिर झाले होते, वाजतायत की नाही कळत नव्हतं. आणि धुक्यात काहीतरी केशरी दिसलं. हॅमॉक. डासांची जाळी वरपर्यंत लावलेली. आत भिंगरी पाठीवर पडलेली, हात पोटावर, डोळे मिटलेले. माझी टाळी अगदी डोक्याशी वाजली तेव्हा तिने डोळे उघडले. "झालं?" म्हणाली. "मी हलले नाही हं. चौथ्यांदा नको म्हणून."

माझ्या हाका तिला ऐकू येत होत्या. लांबून, पण येत होत्या. बाबाचं किंचाळणंही. "मला वाटलं, बाबाला अखेर जमलं," म्हणाली.

मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. गळ्यात पडून अशी रडली, अशी रडली की माझा सदरा भिजला. मी आयुष्यात तिला असं रडताना पाहिलं नाही. या सगळ्या वाईटात तेवढं एक मला मिळालं. बोलून दाखवत नाही, पण पोरीचा जीव आहे माझ्यावर. तिला घट्ट धरून मी मनात म्हटलं, सुटले.

उतरताना दोर तिलाच आधी दिसला. खिंडीपाशी फोन लागला, वनखात्याच्या चौकीवरची माणसं आली. नवऱ्याला त्याच्याच हॅमॉकमध्ये घालून, मध्ये बांबू ओवून खाली नेलं. "सांगत होतो ना, झोळीच ही," म्हणाला आणि मग शुद्ध हरपली त्याची.

मंगळवार, १२

घरी. नवरा पाय उशीवर टाकून वह्या तपासतोय. भिंगरी शाळेत जाते, येते, विचारलेल्याची उत्तरं देते. चेहरा गोड. मी सारखी तिला जवळ घेते, तीही येते.

कंपनीच्या माणसाला काय झालं ते कळवावंच लागलं. हळहळला. मग म्हणाला, "छातीवरचा कॅमेरा चालू होता का हो?"

होता. सगळा वेळ.

"ताई, असं आयुष्यात एकदाच येतं. तुम्ही विचार करा. घाई नाही."

मी देणार नाहीये. पण बघायला तर हवं ना, काय आहे त्यात? स्वतःपुरतं. आज दिवसभर जोडकाम केलं. सुरुवातीचा फापटपसारा काढला. दोर संपतो तिथे तर अंगावर काटा येतो. शेवटचा भाग, ती गळ्यात पडते तो, अजून बघितला नाही. तो शांतपणे बघायचाय.

गुरुवार, १४

बघितला.

काचेवर धुक्याचे थेंब आहेत, त्यामुळे आधी नुसता केशरी डाग. मग तिचा चेहरा, पुसट. "झालं?" म्हणते. "मी हलले नाही हं." माझं रडणं ऐकू येतं, हुंदके, गुरासारखे. बाबाला जमलं म्हणते. माझ्या तोंडाकडे बघते. इथवर मला आठवतं तसंच आहे.

मग ती खाली बघते. माझ्या छातीवर, जिथे लाल दिवा असतो तिथे. आणि हळूच म्हणते, "आई, बंद."

हे मला आठवत नाही. तिने असं म्हटलेलं मला ऐकूच आलं नव्हतं.

त्यानंतर चित्र गुलाबी होऊन काळं होतं. मला वाटलं, चला, मी बंद केला तर. पण चित्र परत येतं, आणि स्वच्छ येतं. तिच्या पापण्यांवरचे थेंबसुद्धा दिसतात इतकं स्वच्छ. मी चार-पाच वेळा मागे नेऊन बघितलं. तो अंगठा आहे. माझा. नखाजवळचा भाजल्याचा डाग दिसतो. रडता रडता मी काच पुसली.

नवऱ्याला बोलावलं. तो कुबड्या सावरत आला, उभ्यानेच बघितलं.

"तू तेव्हा रडत होतीस," म्हणाला.

"हो."

"खोटं नव्हतीस रडत."

"नाही रे. शपथ."

त्याला थट्टा सुचली नाही. मग गेला. मला त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

शनिवार, १६

पिशव्या आणि उरलेले हॅमॉक कंपनीला परत धाडले. त्या माणसाने पुन्हा फोन केला, मी घेतला नाही. कॅमेऱ्यातलं आणि संगणकातलं सगळं पुसून टाकलं, गुरुवारच्या चढावरचंही. पुसताना वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. कसलं काय! सोमवारी स्टुडिओत कामावर जायचंय.

दुपारी भिंगरीच्या खोलीत गेले. ती जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालत होती. दार लावून घेतलं आणि समोर बसले. शब्द जुळवून गेले होते, ते सगळे ऐनवेळी पळाले.

"तू बंद म्हणालीस," म्हटलं. "मी काच पुसली."

"हो," म्हणाली. कागदाची घडी दाबत होती.

"तुला दिसलं होतं?"

"मी समोरच होते ना, आई."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

तिने खांदे उडवले. चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला. मी म्हटलं, मी सगळं पुसून टाकलंय, कोणी बघणार नाही, कधीच नाही. तिने मान हलवली. विश्वास ठेवलाय असं वाटेना. मग मला राहवेना. मी तेच बोलले जे बोलायला नको होतं. म्हटलं, "पण तू मला मिठी मारलीस ना गं. इतकी रडलीस. तेव्हा मला वाटलं, तू मला माफ..."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय आणि मला कसं समजावावं, असा चेहरा.

"मला रडू येत नव्हतं," म्हणाली. "मला राग आला होता. पण तू काच पुसलीस. म्हणजे शॉट चालूच होता. मग मी रडले."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. मी ते ऐकत बसले. स्टुडिओत इतकी वर्षं खरं रडणं कुठलं आणि कॅमेऱ्यासाठीचं कुठलं, हे मी डोळे मिटून ओळखत आलेय. लोक म्हणतात, तुमच्या हाताला नजर आहे. माझ्या पोटच्या पोरीचं मला ओळखता आलं नाही. आणि ते तिला शिकवलं कोणी, हे विचारायला मला दुसरीकडे जायची गरज नव्हती.

"चांगलं रडलीस," म्हटलं.

"हं," म्हणाली.

"आणि राग? तो गेला?"

वहीचं कव्हर घालून झालं होतं, तरी कडा दाबत होती. "नाही," म्हणाली. "आहे."

"मग ओरड माझ्यावर."

तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं. मग सदऱ्याच्या खिशाकडे, मग मागच्या कपाटावर, खिडकीच्या कठड्यावर. मी उठून खिसा उलटा केला, कपाटावरचं सगळं खाली काढून ठेवलं, पडदे बाजूला केले. ती बसल्या जागेवरून एकेक बघत होती. घाई केली नाही. मी परत तिच्यासमोर येऊन बसले, हात मांडीवर उपडे ठेवले.

सुरुवातीला आवाज फुटेना तिला. मग फुटला. काय बोलली ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. चेहरा लाल झाला, नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं, आणि उजेड कुठल्या बाजूला आहे याचं तिला भान नव्हतं. एक वही माझ्या खांद्यावर बसली. नवरा दाराबाहेर येऊन उभा राहिलेला कळला, कुबडी वाजली, पण तो आत आला नाही.

इतकी ओरडली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून वाकून विचारलं, "काय हो, सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "हो. चालू दे तिचं."